किल्ली काढायची आणि पळायचं

माझ्या धाकट्या भावाला ट्रक शिकवणाऱ्या उस्तादाने गिअर आणि क्लचच्याही आधी एक गोष्ट शिकवली होती. अपघात झाला की चूक कुणाची ते बघत बसायचं नाही. "चाबी निकाल और भाग. सीधा थाने में जाके खड़ा हो. पलट के देखा तो मरा समझ." भावाने घरी येऊन हे मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. माणूस रस्त्यात पडलाय आणि हा पळणार! पण पुढे इतकी वर्षं हायवेच्या काठावर काढल्यावर माझी खात्री पटली की उस्ताद शहाणा होता. जो थांबतो तो मार खातो, जो पळतो त्याच्यावर निदान केस चालते. ही रीत जशी ड्रायव्हरला ठाऊक तशी गर्दीलाही ठाऊक. म्हणून आमच्याकडे अपघात झाला की कोण पडलंय हे लोक नंतर बघतात, आधी पळतंय कोण ते बघतात.

आम्ही मूळचे बिदरकडचे शेतकरी. वडील तरुणपणीच हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. मी सुलतान बाजारातल्या मराठी शाळेत शिकले, म्हणून हे लिहिते आहे. धाकटा मराठी झकास बोलतो, पण वाचायला दिलं की अक्षरं जुळवत बसतो. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. जेवायला मीच घातलं आणि मारलंही मीच. लग्न होऊन मी कुकटपल्लीला आले, यजमान गेले, आणि आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत मशीन टाकून मी ब्लाऊज शिवते. गॅलरीच्या खाली मुंबईचा हायवे. वरून मेट्रो जाते, तिच्या खांबांच्या दोन्ही अंगांनी गाड्या एकमेकींवर चढायला बघत असतात.

धाकटा लातूरची तूरडाळ बेगम बाजारात आणायचा. दुपारी मधे थोडा वेळ मालाच्या गाड्यांना शहरात सोडतात. ती वेळ हुकली की गाडी वेशीबाहेर उभी, ती थेट रात्री आत. म्हणून पटनचेरू आलं की त्याचा फोन यायचा, "अक्का, रस्ता कसा आहे?" मी सुई वर करून ठेवायची, कठड्यावरून वाकून दोन्हीकडे बघायची आणि सांगायची. हळूहळू त्याच्या ओळखीचे बाकीचे ड्रायव्हरही फोन करू लागले. "अक्का, रोड कैसा है?" मोबाईलवरचा नकाशा रस्ता लाल आहे की हिरवा एवढं सांगतो. कुठल्या गल्लीत लोक दगड घेऊन बसलेत ते त्याला कुठून कळणार? मला कळायचं, कारण ज्यांची डोकी फुटायची ते माझ्याकडेच हळद लावून घ्यायला यायचे.

हायवे तुंबला की एक आडरस्ता होता. मियापूर सोडलं की डाव्या हाताला तळ्याच्या काठाने एका कॉलनीत शिरायचं आणि पुढे परत हायवेला लागायचं. नकाशाने तो सगळ्या जगाला दाखवून ठेवला होता. रस्ता केवढा, तर समोरून रिक्षा आली की एकाने थांबायचं. तिथून रोज ट्रक जाऊ लागले. गटारावरच्या फरश्या फुटल्या, एका म्हाताऱ्याची कंपाउंडची भिंत पडली, कुणाचा कुत्रा चिरडला. खरं सांगायचं तर कॉलनीवाल्यांचं चुकत नव्हतं. पण त्यांनी जे सुरू केलं ते माणसांचं काम नव्हतं. आधी काचा फोडल्या. मग एका ड्रायव्हरला खाली ओढून त्याच्याच जॅकच्या दांड्याने त्याच्या पायाच्या नडग्या फोडल्या. मग आमचे लोक तरी कशाला मागे राहतील? एकाने चाकाचा पाना काढून कॉलनीच्या वॉचमनचा हात मोडला. तो वॉचमन बिचारा नोकरी करत होता. मी स्वतः एकदा तिथे भांडायला गेले होते आणि काठी घेऊन उभ्या असलेल्या एका सद्गृहस्थाची कॉलर धरून आले होते. माझा राग नाकावर असतो, त्याला मी काय करू?

त्या दिवशी दुपारी माझ्या गॅलरीसमोरच एक कंटेनर खांबाला धडकून आडवा झाला. हायवे मियापूरपर्यंत गच्च. धाकट्याचा फोन आला.

"अक्का, रस्ता कसा आहे?"

"मेलाय. तळ्यावरून ये. सकाळपासून तिकडे कुणाला मार पडल्याचं ऐकलं नाही. पण हळू ये."

"जेवायला काय केलंयस?"

"आंबट चुका घालून डाळ. दिवसभर डाळ वाहून तुला परत डाळच लागते."

"हौ, लागते. आणि ऐक, तो नवा पांढरा शर्ट घातलाय."

"पोती उतरवायला? का स्वतःच्या लग्नाला निघालास?"

तो हसला. भाऊ माझा जातीचा शौकीन. लातूरहून निघताना कसाही असो, हैदराबाद जवळ आलं की ढाब्यावर अंघोळ करणार, इस्त्रीचा शर्ट घालणार, सोनेरी काड्यांचा चष्मा लावणार. बेगम बाजारातले नवे हमाल त्याला बँकेतला साहेब समजून गाडीचा ड्रायव्हर कुठे आहे म्हणून त्यालाच विचारायचे. त्याला ते फार आवडायचं.

फोन समोरच्या फळीवर ठेवून बोलत बोलतच तो तळ्याच्या रस्त्याने कॉलनीत शिरला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आधी तो "ए, ए, ए" करून ओरडला. मग ब्रेक किंचाळले आणि लोखंड रस्त्यावर घासलं. मग एक बाई ओरडली, पोटातून. मी फोनमध्ये जीव खाऊन ओरडले, "पळ! किल्ली काढ आणि पळ!" केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला. पुढे नुसता चालू फोन, आणि लांबून तिचं ओरडणं.

मी तशीच जिना उतरले. पायात चप्पल नव्हती, गळ्यात मापाचा टेप तसाच. स्कूटी फुटपाथवरून घातली, एका भाजीवाल्याची टोपली उडवली, त्याच्या शिव्या मागे राहिल्या. सगळ्या रस्त्याने माझ्या मनात एकच होतं, तो पळाला असू दे. देवा, तो पळालेला असू दे.

तो पळाला नव्हता. ट्रक भिंतीला चिकटून तिरका उभा, मागच्या चाकाखाली स्कूटरचा चुरा, आणि रस्त्यावर एक मुलगी. विशी-बाविशीची असेल. आतल्या गल्लीतून जोरात आली, वाळूवर घसरली आणि स्कूटरसकट मागच्या चाकाखाली गेली, हे मला नंतर कळलं. तिची मांडी उघडी पडली होती. मांस दिसत होतं, आणि रक्त थांबून थांबून उसळत होतं. माझा भाऊ तिथे मांडी घालून बसला होता, तिची ओढणी गोळा करून दोन्ही हातांनी जखमेवर दाबून धरली होती. नवा पांढरा शर्ट कोपरापर्यंत लाल. दुपारची सामसूम होती, त्याला ट्रकमधून उतरताना कुणीच पाहिलं नव्हतं. लोक जमले तोवर हा खाली बसलेला होता.

एक बाई त्याच्यापुढे पाण्याचा लोटा धरून उभी होती. शेजारचा माणूस मला म्हणाला, "सार बहुत अच्छा काम करे, अम्मा. डायवर साला तो भाग गया. पकड़ लिए उसकू."

मी वळून बघितलं. गल्लीच्या तोंडाशी घोळका होता. आत एक लुंगी-बनियनवाला माणूस खाली पडला होता आणि त्याच्यावर लाथा, चपला, क्रिकेटचे स्टंप, जे हाताला येईल ते पडत होतं. "पट्टुको, पट्टुको," पकडा पकडा म्हणत घराघरांतून माणसं अजून पळत येत होती. पकडून झालं होतं तरी ओरडत होती. त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती आणि तो मुठीत धरलेलं काहीतरी सारखं वर करत होता. "चाबी देखो साले के हात में! चाबी लेके भागरा था!" एकाने त्याच्या त्याच हातावर वीट घातली.

धाकटा माझ्याकडे न बघता खालच्या आवाजात मराठीत बोलला. तिथे मराठी आम्हा दोघांपलीकडे कुणाला कळत नव्हती.

"अक्का, ती त्याच्या कारची किल्ली आहे. तो इथलाच आहे, नवा भाडेकरू. सगळ्यांत आधी तोच आला. हिला दवाखान्यात न्यायला कार आणतो म्हणून पळाला."

पळणारा माणूस, अंगात बनियन, हातात किल्ली. ड्रायव्हर ओळखायला याहून जास्त काय लागतं? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या भावाला कुणी हात लावणार नव्हतं. तो साहेब होता. त्याने फक्त उठायचं होतं.

"गप्प बस," मी म्हणाले. "तोंड उघडू नकोस. हळूच उठ आणि माझ्यामागे स्कूटीवर बस."

"अक्का, मारून टाकतील त्याला."

"मरू दे."

मी असं म्हणाले. आजही मला त्याची लाज वाटत नाही. त्या माणसाला मी ओळखत नव्हते आणि याला मी वाढवलं होतं. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी त्याला विनाकारण मारलं की तो असा बघायचा, रडायचा नाही, नुसता बघायचा. मग त्याने माझ्या गळ्यातला टेप ओढून काढला, मुलीच्या मांडीला जखमेच्या वर करकचून बांधला, आणि माझे दोन्ही हात धरून त्या भिजलेल्या ओढणीवर ठेवले.

"इथे दाब. सगळा जोर लाव. सोडायचं नाही."

मला काही कळायच्या आत तो उठून गेला. मी हात काढायला गेले तर ओढणीखालून गरम उसळी आली. परत दाबलं.

तो घोळक्यात शिरला आणि ओरडला, "अरे छोड़ो उनकू! डायवर मैं हूँ!" कुणी ऐकलं नाही. एका पोराने तर त्याला दंडाला धरून अदबीने बाजूला केलं. "सार, आप हटो, आपकू लग जाएगा." त्याने परत सांगितलं. परत त्याला बाजूला केलं. खाली पडलेला माणूस आता हातही वर करत नव्हता.

तेव्हा माझा भाऊ ट्रककडे पळत आला, केबिनमध्ये चढला आणि त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. त्या ट्रकचा हॉर्न घाटात वाजवायचा. भिंती हादरल्या, तळ्यावरचे बगळे उडाले. घोळका वळला. हॉर्न थांबला आणि तो पायरीवर उभा राहिला, हातातली किल्ली सगळ्यांना दिसेल अशी वर धरून.

"ये देखो चाबी. गाड़ी मेरी है. उनो तो कार लाने कू भागे थे."

मला वाटलं, आता हे ओशाळतील. चुकीच्या माणसाला मारलं म्हणून मान खाली घालतील. मी किती मूर्ख! चुकीच्या माणसाला मारल्याची लाज काढायला त्यांना बरोबर माणूस मिळाला होता. ते त्या भाडेकरूला तसाच टाकून ट्रककडे आले.

त्याला पायरीवरून शर्टाला धरून ओढलं. शर्ट फाटला. तो खाली आला तो डोक्यावर. मघाशी "सार, आप हटो" म्हणणारा पोरगा सगळ्यांत पुढे होता. मी तिथून ट्रकच्या लांबीएवढी दूर होते. चष्मा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, तो खरंच ऐकू आला की मी मनात धरला, सांगता येत नाही. स्टंप त्याच्या तोंडावर टोकाकडून बसला. मग तो ओरडला. आईला हाक मारली नाही, आई त्याला आठवतही नाही. "अक्का" म्हणून ओरडला.

मी उठायला गेले. माझ्या हाताखाली परत ती उसळी. मुलीने माझं मनगट पकडलं, नखं रुतवली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आंटी, वदलकंडि," ती म्हणाली. सोडू नका. मी तिला शिवी दिली. मला येत असलेली प्रत्येक शिवी मी त्या दुपारी दिली, मराठीत, दख्खनीत, तेलुगूत, तिला, तिच्या कॉलनीला, त्या कंटेनरला, माझ्या भावाला. पाण्याचा लोटा धरलेल्या बाईला म्हणाले, तू दाब, मला जाऊ दे. तिने लोटा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून मागे सरकली. बाकी सगळे मोबाईल वर धरून उभे. एकीकडे माझा भाऊ मरत होता आणि मी त्याला मारणाऱ्यांच्या पोरीच्या मांडीवर सगळा भार टाकून बसले होते. मला तिचा द्वेष वाटत होता. हात सुटला असता तर मला वाईट वाटलं नसतं, असंच तेव्हा वाटलं. पण हात सुटत नव्हता.

मग परत एक हॉर्न वाजला, बारीक. गल्लीतून एक जुनी पांढरी कार येत होती, भिंतीला आरसा घासत. आत तो भाडेकरू. जबडा एका बाजूला सरकलेला, ठेचलेला हात मांडीवर, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलेलं. त्याने कार थेट घोळक्यात घातली. माणसं उड्या मारून बाजूला झाली. तो उतरला, लुंगीला रक्त, आणि माझ्या भावाच्या काखेत धड असलेला हात घालून त्याला ओढू लागला. त्याला बोलता येत नव्हतं. तो घशातून नुसता आवाज काढत होता, जनावर काढतं तसा. तो आवाज ऐकून घोळका थांबला. दोघा-तिघांनी येऊन हातभारही लावला, मघाशी मारत होते त्यांतल्याच.

भावाला पुढच्या सीटवर टाकलं. मुलीला मागे माझ्या मांडीवर आडवी घातली, माझे हात तिथेच. कार चालली. मागे ट्रकची काच खळकन फुटली, कुणीतरी पोती फाडली असावीत, डाळ सांडल्याचा सळसळ आवाज आला. पुढच्या सीटवर माझ्या भावाचं डोकं खिडकीला टेकलं होतं. चेहरा कुठे आणि केस कुठे ते कळत नव्हतं. मला वाटलं, संपला. तेवढ्यात तो न वळता बोलला, तोंडात रक्त भरल्यामुळे शब्द जाड येत होते.

"अक्का, सोडलं नाहीस ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि मग मला रडू फुटलं.

मुलीचा पाय वाचला. थोडी लंगडते. भाडेकरूचा जबडा तारेने बांधला होता, तो बरा झाला की कॉलनी सोडून गेला. माझ्या भावाचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला ट्रक कोण चालवू देणार? ट्रक विकला. मारणाऱ्यांची नावं विचारली तेव्हा त्या गल्लीत कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. मोबाईल मात्र सगळ्यांनी वर धरले होते. कॉलनीने आता रस्त्यावर लोखंडी कमान घातली आहे, मोठी गाडी आत जात नाही. हे काम आधी का नाही केलं, असं मी तिथे जाऊन ओरडून आले. कुणी दार उघडलं नाही.

आता धाकटा माझ्याकडेच राहतो. इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत खुर्ची टाकून बसतो आणि ड्रायव्हरांचे फोन घेतो. एका डोळ्याने बघतो, पण माझ्याहून नेमका रस्ता सांगतो. कंटाळा आला की आम्ही भांडतो. भांडण कुठूनही सुरू झालं तरी शेवटी तिथेच येतं.

"उस्तादाने सांगितलेलं एकदा तरी ऐकायचं होतंस," मी म्हणते. "निदान माझं ऐकायचं होतंस. गप्प बसला असतास तर आज दोन डोळे असते."

परवाही मी हेच म्हणाले. तो खाली हायवेकडे बघत होता.

"तू तिला सोडून आली असतीस तर हाही डोळा वाचला असता की," तो म्हणाला. "तू का नाही सोडलंस?"

फोन वाजायला लागला होता. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, उचल, कुणीतरी रस्ता विचारतंय.